चौदा ठिपके रुंद

सिनेमा आमच्यापैकी कुणीच पाहिला नव्हता.
कुलूपबंद खोलीत सत्तर फोटो,
संहितेची एक प्रत, पानापानावर तिरपा नंबर,
आणि हातात पाच महिने.
मॉन्ट्रियलचा नोव्हेंबर. हीटर बंद.
रेजाँ बोटं कापलेले हातमोजे घालून
कोड लिहायचा आणि शिव्या द्यायचा, दोन्ही हळू आवाजात.

माझ्या वाट्याला नावाडी आला.
फोटो एकच: मिशीत बर्फ,
डावा खांदा जरासा उतरलेला.
अख्खा माणूस चौदा ठिपके रुंद, बावीस उंच.
रंग पंधरा, त्यातले तीन
समुद्राने आधीच नेलेले.
डोळा म्हणजे एक ठिपका.
तो ठिपका मी चार दिवस हलवत होते.
डावीकडे ठेवला की लबाड,
उजवीकडे ठेवला की झोपाळू.

खेळ पाळीपाळीचा.
आधी तू, मग राक्षस, मग परत तू.
तुझं ठरेपर्यंत तो जागच्या जागी डुलतो,
दोनच चित्रांत, श्वास घेतल्यासारखा.
तू जेवून ये. गृहपाठ कर. भांडून ये कुणाशी.
बॅटरी असेतो तो थांबेल.
इतका सभ्य शत्रू
मला बाहेर कुठे भेटला नाही.

नावाड्याचं काम लहान:
आपली पाळी आली की कढत सूप वाढायचं,
सगळ्या भिडूंना अधिक बारा.
संहितेत एक्याण्णव पानावर तो मरतो.
मरायला सहा चित्रं लागली असती,
कार्ट्रिजमध्ये दीड चित्राची जागा.
रेजाँ म्हणाला, गुडघा टेकू दे,
पुढच्या सराईत उठेल.

मे महिन्यात कुठल्याशा थिएटरात
सिनेमा निवडक लोकांना दाखवला. लोक चुळबुळले.
अठरा मिनिटं कापली.
नाव गेली, नावाडी गेला, श्रेयनामावलीतली ओळ गेली.
आमची कार्ट्रिजं तोवर
बोटीवर चढली होती.

हे सगळं मला फोनवर कळलं, ऑगस्टात.
आदेलार ब्रासार, शिकुतिमी, वय शहात्तर.
चाळीस वर्षं नाटकं, सिनेमा हा एकच.
पहिल्या खेळाला नातेवाइकांची अख्खी रांग,
जावयाचा काळा कोट.
पडद्यावर नदी आली.
नदीवर मुलगी आली, वल्ही तिच्याच हातात.
रांगेत कुणी हललं नाही.
बायकोने अंधारात त्याच्या तळहातावर
लिमलेटची गोळी ठेवली, कागद आधीच सोडवलेली.

मग तीन आठवड्यांनी, हायवेवर,
मागच्या सीटवरून नात म्हणाली,
पेपेर, तू इथे आहेस.
त्याने गाडी कडेला घेतली. चष्मा शोधला.
ट्रक जात होते, गाडी हलत होती,
आणि तो सूप वाढत होता.

"खांदा," तो मला म्हणाला, "तुम्हाला दिसला कसा?
सतराव्या वर्षी ओंडका पडला होता.
कॅमेऱ्यापुढे मी लपवत होतो."
मी म्हटलं, दिसला.
"आणि मी मरतो कुठे? माएल शोधतेय."
मरत नाही तुम्ही.
"का?"
काहीतरी थोर सांगावंसं वाटलं.
जागा नव्हती, मी म्हटलं.

बराच वेळ नुसता खोकला.
मग कळलं, हसतोय.
"त्यांनीही पत्रात हेच लिहिलं,
शब्दाला शब्द."

फोन ठेवता ठेवता म्हणाला,
एक विचारू? सूप वाढवता येईल का?
रोलांद म्हणते,
बर्फातल्या माणसांना
बारा म्हणजे कमीच.