पाव किलो

ताहेरभाई काचेवर हिरवं मखमल पसरतात,
सोनार पसरतो तसं.
"पहिलंच ना, ताई? मग आधी हात दाखवा."
भविष्य बघायला धरावा तसा मी तळवा पुढे करते.
ते बघतात फक्त
तर्जनीचं पहिलं पेर कुठवर पोचेल.
आयुष्यरेषेशी त्यांना कर्तव्य नाही.

जांभळी नाक्यामागची गल्ली.
शेजारी लग्नपत्रिका छापतात, पलीकडे पापड-फेण्या.
दुकानाला दोन जाळीची दारं, आत एकच पंखा.
पर्समध्ये परवाना, बेलापूरच्या कचेरीतून
आठ महिन्यांनी सुटलेला:
वैजयंती मढवी, वय सत्तेचाळीस,
फोटोत दोन्ही कान दिसतायत, डोळे मिटायच्या बेतात.

'धोका कुणापासून' या रकान्यात मी लिहिलं होतं:
महापे पंपाची रोकड, रात्री साडेदहा.
साहेब म्हणाले, माणसाचं नाव लिहा.
मला त्याचं नाव माहीत नव्हतं.

आधी बत्तीसचं.
काळं, गंभीर. उचललं तर मनगट खाली गेलं,
ओटीतला नारळ ऐनवेळी जड व्हावा तसं.
रिकामं आहे, त्यांनी उघडून दाखवलं,
मग मला उघडून दाखवायला लावलं,
मग पुन्हा.
सहा भोकं, सहा भोकांतून त्यांचा पांढरा सदरा.
"हे विसरलात तर पुढचं काहीच शिकू नका."
चाप ओढताना अंगठा, खांदा, दाढा,
सगळे कामाला लागले.
टक् झालं तेव्हा नळी कॅलेंडरवरच्या मोरावरून घसरून
पंचांगाच्या अमावास्येवर आली होती.

मग बावीसचं.
पाव किलो. तेवढी तर मी मिरची घेते.
मुठीत दिसेनासंच झालं.
"हे लहान नाही का?" मी विचारलं.
"लहान आहे. जे हातात ठरतं तेच नेमकं लागतं.
आणि लहान म्हणजे कमी मारणारं असं समजू नका,
लागलं तर हेही पुरतं."
शेवटचं वाक्य त्यांनी हळू, गुजरातीत पुन्हा म्हटलं,
स्वतःशीच.

"उचलल्यावर समोर कोण दिसतं?"
"कोणी नाही."
"सगळे असंच म्हणतात."

दिसली होती एक चप्पल.
निळा पट्टा, तारेने शिवलेला.
हवा भरायच्या मशीनपाशी तो उभा होता,
हातात भाजीची सुरी, आणि सुरी अशी थरथरत होती
की मीच म्हटलं, सावकाश, घे.
अठरा हजार चारशे.
पळताना ही एक राहिली.
पोलिसांनी पंचनाम्यात तिचं नाव घेतलं नाही,
मग मी ती हिशेबाच्या ड्रॉवरमध्ये ठेवली.

"ठेवणार कुठे?"
तांदळाच्या डब्यात, म्हटलं. ते नाही म्हणाले.
साड्यांमागे. नाही.
देवाच्या मागे? त्यांनी हात जोडले.
आकड्यांचं कुलूप असलेली लोखंडी पेटी
त्यांनी आधी विकली, बावीसचं नंतर.
घरी जाऊबाईंनी पदर तोंडाशी नेला:
"जल्लं, यो घरान ठेवशील?"
पण रात्री तीच विचारत होती, आकडा काय गं,
कधी तुला काही झालं तर.
मी सांगितला नाही.

सहा महिन्यांत ते एकदाही उघड्यावर आलं नाही.
रेंजवर बारा वेळा गेले. कागदावरच्या माणसाला
मी खांद्याच्या खाली नेम धरत होते
हे शिकवणाऱ्याच्या लक्षात आलं,
तो काही बोलला नाही.

मग आचारसंहिता लागली.
परवानाधारकांनी शस्त्रं जमा करावीत.
हवालदाराने पावतीवर लिहिलं: नग एक.
भाजीच्या पिशवीकडे बघावं तसं बघून
कपाटात सरकवलं.

त्या रात्रीही साडेदहाला रोकड मोजली.
पंपावरचा दिवा, रस्त्यावर कंटेनर,
हवेच्या मशीनपाशी कुणीच नाही.
घरी येऊन पेटी उघडली. रिकामी,
आत तेलाचा वास.
ड्रॉवरमधून आणलेली चप्पल तिच्यात ठेवली.
मावली, थोडी तिरपी.
कुलूप लावलं. आकडा तोच.