चौपट

डॉक्टर कलशेट्टींनी फोटो उजेडाला धरला
आणि पेनाच्या टोपणानं दाखवलं,
इथं फट असायला पाहिजे होती.
फट नव्हती.
वरचं हाड खालच्या हाडावर बसलं होतं
अशोक चौकातल्या भरलेल्या रिक्षात बसतात तसं.

बालामणीनं विचारलं, मग मधलं गेलं कुठं?
झिजलं, आजी.

झीज मला कळते.
छत्तीस वर्षं काढली मी टॉवेलच्या मागावर,
अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत.
टॉवेल मऊ असतो तो उभ्या फाशांमुळं,
आम्ही त्यांना लूप म्हणायचो.
ते झडले की उरतो नुसता ताणा न् बाणा,
तोंड पुसलं तर गाल खरचटतो.
तसं का, डॉक्टर?
जवळजवळ तसंच, ते म्हणाले,
पण हे कापड पुन्हा विणता येत नाही.

मग काटा.
ती चप्पल काढून चढली, देवळाची पायरी चढावी तशी.
एक्क्याऐंशी.
पदर बाजूला करू का, म्हणाली,
जणू सगळं पदरातच बांधलेलं होतं.

डॉक्टर म्हणाले, चालताना गुडघ्यावर
अंगाच्या वजनाच्या तिप्पट-चौपट भार येतो.
जिन्यावर त्याहून जास्त.
मी खिशातली औषधाची चिठ्ठी पालथी केली
आणि तिथंच गुणाकार मांडला.
तीनशे चोवीस किलो.
एवढा बीम मागावर चढवायचा
तर आमचा जॉबर चार माणसांना हाक मारायचा,
आणि ही एकटी नेत होती
नळापासून मोरीपर्यंत, रोज.

ती हसली.
मजुरी कुणी चौपट दिली नाही, म्हणाली,
भार बरा न मागता मिळाला.

अकराव्या वर्षापासून मांडीवर सूप.
तंबाखू वजन करून, पानं वजन करून,
विड्या हजारानं मोजून, छाट वेगळी काढून.
मांडी घातलेली ती संध्याकाळीच सुटायची,
तीही चुलीपुढं पुन्हा घालायला.
वजन खाण्यानं वाढतं म्हणतात.
तिचं ताट मी पाहिलंय,
भात, चारू, आणि पोरांनी टाकलेलं,
जे टाकवत नाही ते.
आणि शनिवारी पगार झाला की मी
पेपरात तेल झिरपलेली भजी आणायचो.
मला तेवढंच प्रेम करता येत होतं.

घरी आम्ही गुडघ्याला मोकालु म्हणतो.
मराठीतल्या मोकळ्याच्या किती शेजारचा शब्द!
इतकी वर्षं दोन्ही भाषा बोलतो,
हे शेजारपण मला दवाखान्याच्या बाकावर दिसलं.

आता विड्या खुर्चीवर बसून,
सूप पाटावर, पाट स्टुलावर.
कारखान्यातल्या बायका म्हणतात, काय बाई, साहेबीण!
म्हणू दे.
संध्याकाळी आम्ही किल्ल्याच्या बागेत जातो,
ती पावलं मोजते, ओकटी, रेंडू, मूडू,
शंभरावर गेली की विसरते, मला विचारते,
मीही विसरलेलो असतो.
भजी बंद. शेंगाचटणी चमचाभर, त्यावर भांडण.

सहा महिन्यांत पाच किलो.
पाच चोक वीस, मी म्हणालो.
वीस किलो काय? तांदूळ?
नाही, तुझ्या एका पावलाचे. उतरले.
तिनं पावलाकडं बघितलं,
कुणाचं तरी उसनं फेडल्यासारखं.

दुखतं अजून. पावसाळी हवेत जास्त,
रात्री कूस बदलताना ती दातांत पदर धरते
आणि मी झोपल्याचं सोंग करतो.
गेलेले फासे आले नाहीत, येणारही नाहीत.

पण काल विडी घरकुलच्या कोपऱ्यावर
रिक्षातून उतरताना
तिनं माझा खांदा धरला नाही.
उतरली, पैसे दिले, चालू लागली.
मी आतच बसलेलो,
खांदा थोडा पुढं करून.