मेणाची ताटली

झुरळं मगदूम मामा आणायचे,
शाहूपुरीतल्या गुळाच्या अडतीमागून.
बरणीच्या झाकणाला खिळ्यानं पाडलेली भोकं.

"फुप्फुस हुडकू नगंस, पोरी. न्हाईच ते."

पाण्याखाली पाठ उसवली
तर हुपरीच्या तारकामासारख्या
चंदेरी श्वासनळ्या,
पार पायाच्या टोकापर्यंत.
हवा आपली आपणच घरोघर पोचते;
बिनरंगी रक्ताकडं ते काम नाही.

हृदय पाठीलगत, तेरा कप्प्यांचं.
मी मोजत होते.
अकराव्यावर ते
हललं.

मामांनी दिवा बाजूला घेतला.
खिशातला दम्याचा पंप हलवला,
ओढला,
बराच वेळ धरून ठेवला.

मग म्हणाले,
"बरगडीला भोकं पायजे हुती आपल्यालाबी.
धा जोड्या."