नजरी नकाशा

कागदाच्या वरच्या टोकाला बाण काढा, उत्तर.
मग रस्ते, ओढे, रेल्वे असल्यास रेल्वे.
पक्क्या घराला चौकोन, कच्च्याला त्रिकोण,
राहतं नसेल तर आत तिरक्या रेघा.
प्रशिक्षणात एवढंच सांगितलं,
एक चहा आणि दोन बिस्किटं देऊन.

कुर्डुवाडीत ‘असल्यास’ चालत नाही.
रेल्वे आहे म्हणून गाव आहे.
मी आधी पट्टीनं रूळ ओढले,
मग उरलेल्या जागेत माणसं बसतात का ते बघितलं.

सुरुवात वायव्य कोपऱ्यापासून.
घर एक : नागनाथ खारे, वर्कशॉपातले रिटायर फिटर,
दारात रसाचं गुऱ्हाळ, उन्हाळ्यापुरतं.
“लिहा सहा. धाकटा पुण्यात असतोय, पण लिहा.
ताट वाढतीय त्याची आई अजून.”
ताटाला रकाना नाही.

घर नऊ : हमीदाबी मुजावर, गोधड्या शिवते.
वय?
“लहान गाडीला कोळशाचं इंजिन होतं बघा,
तवा मी नवरी हून उतरले हितं.
पदरावर किटाळ पडलं, हे एवढं भोक.
आता करा हिशेब, तुम्ही मास्तरीण.”
मी सत्तर लिहिलं.
ती वाकून बघत म्हणाली, जरा कमी करा.

चौदा ते एकवीस, रेल्वेची क्वार्टरं.
दगडी भिंती, चिंचेचा पाचोळा, सहा दारांना कुलपं.
तिरक्या रेघा मारून मारून पेन्सिल बोथटली.
सतराच्या ओट्यावर सायमन साळवे
एकटाच कॅरम खेळत होता,
दोन्ही बाजूंनी.
उठून समोर जायचा, नेम धरायचा, परत यायचा.
कुटुंबातल्या व्यक्ती : एक.

पुढं पत्ते विचारायला लागले, तिथं अडलं.
पिठाची गिरणी?
“फाटकाच्या अलीकडं.”
म्हेत्र्यांचं पंक्चरचं दुकान?
“फाटकातच की.”
बत्तीस नंबर?
“फाटक लागलं की डाव्या हाताला.”
आणि फाटक?
तेव्हा माणसं गप्प होऊन बघतात,
ही बाई कुठली म्हणून.

लहान गाडी बंद होऊन जमाना झाला.
रूळ उचलले, स्लीपर कुणाकुणाच्या गोठ्याला लागले,
रस्त्याला तिथं एक फुगवटा आहे, बस्स,
भाकरीला येतो तेवढा.
पण दुधाचे कॅन लावलेली फटफटी तिथं हळू होते.
शाळेची पोरं डावीकडं बघतात, उजवीकडं बघतात,
आपल्या जन्माआधी निघून गेलेल्या गाडीला
आधी जाऊ देतात.
हमीदाबीची शेळीसुद्धा थांबते.
शेळीचं मी शपथेवर सांगत नाही.

चिन्हांच्या यादीत विहीर आहे,
देऊळ, मशीद, पाण्याची टाकी, झाडाचा पार.
‘होतं’ला चिन्ह नाही.
मी एक ठिपका दिला, हलका.

त्रेचाळीस डिग्रीत माढ्याहून पर्यवेक्षक आले,
डोक्याला ओला टॉवेल, बुलबुल्यासारखी धाप.
कागद उन्हात धरला.
“दक्षिणेला कालवा दाखवलाय, पाणी कुठंय?”
म्हटलं, येतं म्हणतात.
“आणि हा ठिपका कशाचा?”
फाटक.
“मॅडम, असलेलं काढा.”
त्यांच्या देखत खोडलं. रबराची भुकटी फुंकली.
खाऱ्यांनी आलं घालून रस दिला, पैसे घेतले नाहीत.

मग त्यांना एकोणचाळीस नंबर तपासायचा होता.
मी सांगितलं, सरळ जा, फाटक लागलं की डावीकडं.
बरं म्हणाले. निघाले.
फुगवट्यापाशी त्यांच्या गाडीचा लाल दिवा लागला,
विझला,
आणि ते बरोबर डावीकडं वळले.

दिवेलागणीला बेरीज केली.
घरं एक्कावन्न, त्यात बंद अकरा.
माणसं एकशे त्र्याऐंशी.
खाऱ्यांचा धाकटा धरला तर चौऱ्याऐंशी.