कोलशेत, फेब्रुवारी सेहेचाळीस

आरमारी तळाच्या फाटकाशी
हौशी सुकट विकायची.
उधारी कुडावर, कोळशाच्या रेघांनी.

संपाच्या दुसऱ्या दिवशी
हर्ण्याच्या इस्माईलने तिला मागण्या वाचून दाखवल्या:
डाळीतले खडे. पगार. शिवीगाळ बंद.
आणि जावा बेटातून आपली पलटण परत.

"जावा? कंचा गाव तो?"

"लांब. खाडी संपते त्याच्याही पुढं.
तिथले लोकही गोऱ्याला जा म्हणतायत,
त्यांच्यावर रोखलेली बंदूक आपल्या पोरांच्या हातात."

हौशीने मूठभर सुकट जास्त घातली.
कुणासाठी, ते बोलली नाही.

मग ट्रक आले. इस्माईल गेला.
चार रेघा राहिल्या.

इथला गोरा गेला तेव्हाही तिने त्या पुसल्या नाहीत.
मिठागरावर मुकादमाच्या हाती पेपर दिसला
की विचारायची,
"जावाचा काय झाला?"