म्हातारीची टोपी

कझानच्या बाजारात, जानेवारीत,
तोंडातून निघालेला शब्द
आधी काचेवर जाऊन बसतो, मग ऐकू येतो.
मी हातमोजे घ्यायला इल्दुसच्या दुकानात.
पुढे मुनव्वरा-आपा.

"टोपी दे रे, आमच्या म्हातारीला.
हल्ली फार लवकर गार पडते."

इल्दुस हळवा. त्याची आई मार्चमध्ये गेली.
गळ्यातली टेप काढून म्हणाला,
"डोकं केवढं?"
"डोकं कुठलं? सगळं पोटच!"
आणि हवेत कलिंगड काढून दाखवलं.

"कान झाकायचे ना?"
"एकच आहे. तो बाहेर राहू दे,
नाहीतर उचलायची कशी?"

इल्दुसने माझ्याकडे पाहिलं.
मी लोकरीच्या मोज्यांकडे.

"आणि नाकाला भोक ठेव.
जरा चेपलंय. माझ्याच हातून पडली,
ईदच्या दिवशी, पाहुण्यांदेखत."
"डॉक्टरला दाखवलं?"
"डॉक्टर काय करणार! तांबटाकडे नेली,
बुडाला डाग देऊन आणली.
आता ठणठणीत."

टेप जमिनीवर.
"खाते-पिते ना?" त्याने भीतभीत विचारलं.
"खाते कसली! दिवसातून पाच वेळा
उकळतं पाणी ओतते मी तिच्या पोटात.
हूं की चूं नाही.
गळते थोडी, एवढंच."

"आपा," इल्दुसचा आवाज तळघरात गेला,
"अल्लाची भीती बाळगा.
तिला माझ्याकडे आणून सोडा. मी सांभाळतो."
"तुला कशाला देऊ? माझ्या लग्नातली आहे!
थांब, दाखवते. पिशवीत आहे."

पिशवीत.
इल्दुसने गल्ला घट्ट धरला,
मी इल्दुसला.

वर्तमानपत्राचे चार पदर सुटले
आणि काउंटरवर बसली
तांब्याची चहादाणी,
ढेरपोटी, एककानी, चेपल्या नाकाची,
आम्हां दोघांकडे बघत.

बाहेर ट्राम येऊन गेली.
मग इल्दुस शिडीवर चढला,
सगळ्यात वरच्या फळीवरून
आईने विणलेली लाल, गोंड्याची टोपी काढली,
कात्रीने दोन चिरा दिल्या,
म्हातारीला घातली. मापात बसली.
पैसे मात्र पुरते घेतले.
"आणि आपा, गळते म्हणालात,
तर लंगोट देऊ का एखादा?"

आपा गेल्या. दार लागलं.
तो डोळे पुसत माझ्याकडे वळला.
"हातमोजे," मी म्हणालो.
त्याने टेप उचलली, माझ्याकडे निरखून पाहिलं.
"किती हातांचे?"

"दोन," मी म्हणालो,
आणि उगाच गैरसमज नको म्हणून
खिशातून काढून दोन्ही
वर करून दाखवले.