भिंतीपासून चार बोटं

दिंडोरी रोडवरच्या दुकानात दिवसभर मी
लोकांना बुरशीबद्दल सांगतो.
पान उलटून बघा, म्हणतो, वरून बघू नका,
डावणी मागून येते.
छाटणीचे दिवस, गल्ल्याशी गर्दी,
कुणी मोबाइलवर पानाचा फोटो धरतो
आणि मी चष्मा कपाळावर चढवून, डॉक्टरसारखा,
"वेली दाटल्यात तुमच्या. हवा खेळू द्या."

घरी, सिडकोत, दुसऱ्या मजल्यावर
माझी मुलगी श्रावणापासून खोकत होती.
धूळ असेल. शाळेतून आणलं असेल.
कणसावर पाणी प्यायली असेल.
सुलक्षणा म्हणायची, कपाट उघडलं की कुबट येतं.
मी डांबरगोळ्या आणल्या.
मग वास डांबरगोळ्यांचा येऊ लागला
आणि आधीचा गेला असं आम्ही दोघांनी धरून चाललो.

दसऱ्याच्या सफाईत कपाट सरकवलं.
सरकवलं कसलं, तिघांनी रेटलं;
अकरा वर्षं एका जागी उभं.

मागे फिकट पिस्ता रंग,
गेल्या दिवाळीत मीच मारलेला,
एका डागावर, दोन हात.
त्या रंगावर काळं. हिरवट काळं. मधूनच पांढरी लव.
भिजलेली घोंगडी कुणी भिंतीला डकवावी तसं.
कपाटाच्या पाठीचं प्लाय दाबलं
तर बोट आत गेलं, चहातल्या बिस्किटात जावं तसं.
सवयीने मनात म्हटलं: प्रादुर्भाव, चाळीस टक्के.

सुलक्षणा काही बोलली नाही.
तिने फक्त ऋजुताची उशी उचलली
आणि हॉलमध्ये नेऊन ठेवली.

संध्याकाळी मी दुकानातून गंधक आणलं, पाठीवरचा पंपही.
तिने दारातच अडवलं.
"हे घर आहे. बाग नाही."

मुनाफ मिस्त्री भिंतीवर पेरं वाजवत
वर वर गेला, छताच्या कोपऱ्याशी थांबला.
"पाणी कुठून येतं ते आधी बंद करा.
रंग म्हणजे कपडा, साहेब. आत अंग ओलंच."
वर क्षेमकल्याणींचं बाथरूम.
पार्किंगवरून दीड वर्षं बोलणं बंद.
सोळा पायऱ्या. मी अर्ध्यातून एकदा परतलो.
दार उघडून त्या म्हणाल्या,
"अहो, आमचीही फरशी हलतेय कधीची.
सांगायचं कुणाला?"
चहात साखर विसरल्या होत्या.
मी सांगितलं. हसल्या.

मग तोंडाला फडकी, खिडक्या सताड,
खरवडण्याआधी भिंतीवर पाणी शिंपडलं,
कोरडी खरवडली तर घरभर उडून बसते.
गिलावा विटेपर्यंत उतरवला. सहा गोण्या.
प्लाय गेलं, गादी गेली.
लग्नाच्या अल्बममधली माणसं एकमेकांना चिकटलेली,
सोडवताना सासऱ्यांचा चेहरा
माझ्या मामाच्या फेट्यावर निघून आला.

वीट वाळायला तेवीस दिवस लागले.
रंगाचा डबा दारामागे ताटकळत.
पांडवलेण्यांकडचा वारा आत येऊन
नव्या पाहुण्यासारखा सगळ्या खोल्या बघून जायचा.

आता कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे.
येणारा विचारतो, वाकडं का लावलंय?
आंघोळीनंतर बाथरूमचा पंखा वीस मिनिटं घरघरतो,
ओले टॉवेल खुर्च्यांवर पडत नाहीत
(पडतात, पण माझे).
रविवारी टॉर्च घेऊन फटीत बघतो.
खोकला कमी आहे. गेला, असं म्हणणार नाही,
एकदा म्हणून पाहिलंय.

काल ऋजुताचं खोडरबर फटीत पडलं.
तिने खांद्यापर्यंत हात घातला,
गाल कपाटाला टेकवून, डोळे मिटून चाचपत राहिली.
"काय लागतंय गं तिथे?"
मी उगाच जागेवरून उठलेलो.
"काही नाही. भिंत आहे नुसती."
आणि थोड्या वेळाने,
"कोरडी आहे, बाबा. बस तू."